ठिपक्यांचा छोटा मासा घरी पाळताना

गटाच्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ते, दशसूत्री सगळं बोलून झालं की चहा येतो आणि मग खरे प्रश्न निघतात. हल्ली त्या चहाच्या वेळेला आम्हा समन्वयक मैत्रिणींना एक प्रश्न सारखा ऐकू येतो. "ताई, पोरांच्या हट्टानं घरात काचेची टाकी आणली. दुकानदारानं तळाला राहणारा एक ठिपक्यांचा मासा दिलाय. तो घाण खातो म्हणे, त्याला वेगळं काही घालावं लागत नाही. खरं का?"

खरं नाही. त्याला घालावं लागतं, आणि तो घाण खात नाही. आजचं बोलणं याच माशाबद्दल आहे. विषय हौसेचा वाटेल, पण या हौसेत घरचा पैसा जातो, मुक्या जिवाचे हाल होऊ शकतात, आणि टाकी नकोशी झाली की त्याचा त्रास थेट आपल्या धरणांवर जगणाऱ्या कुटुंबांना होऊ शकतो. म्हणून जरा सविस्तर बोलू.

आधी ओळख करून घेऊ. दुकानात या माशाला 'कोरी' म्हणतात. पूर्ण नाव कोरिडोरास. याच्या पुष्कळ जाती आहेत. आपल्याकडे जास्त करून मिळतो तो 'पेपर कोरी', म्हणजे अंगावर काळी मिरी भरडून भुरभुरल्यासारखे ठिपके असलेला. पूर्ण वाढला तरी दोन-अडीच इंच, मादी थोडी मोठी आणि पोटाला रुंद. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग इकडच्या नद्यांतला. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात बीगल जहाजावरून जगप्रवासाला गेला होता, तेव्हा त्यानं हा मासा गोळा करून नेला आणि १८४२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. म्हणजे दुकानातल्या पिशवीत फिरणारं हे पोर चांगल्या घराण्यातलं आहे! २०२४ साली शास्त्रज्ञांनी या सगळ्या माशांची नव्यानं वर्गवारी केली आणि याचं शास्त्रीय नाव बदललं. पण आपल्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी एसटीत अजून काही जण उस्मानाबादचंच तिकीट मागतात, तसंच दुकानदार आणि पाळणारे याला अजून कोरीच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

आपल्याकडचा शिंगाळा किंवा मागूर तुम्ही साफ केला असेल. त्याला खवले नसतात, तोंडाला मिशा असतात आणि पराचा काटा हाताला लागला की आग होते. कोरी त्यांचाच लांबचा भाऊबंद. खवले यालाही नाहीत, पण त्याऐवजी दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, कौलं एकावर एक रचल्यासारख्या. म्हणून याला चिलखती मासा म्हणतात. पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना काटा असतो आणि मासा घाबरला की तो काटा ताठ उभा करून ठेवतो. त्यामुळे याला जाळीनं पकडू नका, काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. एक मोठा ग्लास किंवा प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरायचा आणि हळूच त्यात हाकलायचा.

आणखी एक गोष्ट बघून बायका घाबरतात. हा मासा मधूनच तळातून सरळ वर येतो, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेतो आणि झटकन खाली जातो. तो मरायला टेकलेला नसतो. कल्ल्यांनी श्वास घेतोच, शिवाय गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्यातून शोषून घ्यायची सोय त्याला निसर्गानं दिली आहे. अधूनमधून वर येणं हे नेहमीचं. पण दर मिनिटाला वर जायला लागला तर समजायचं की पाणी बिघडलंय किंवा फार तापलंय.

आता त्या 'घाण खातो' कडे येऊ. कोरी दिवसभर तळाची वाळू हुंगत फिरतो, मिशांनी चाचपतो, तोंडानं वाळू घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झाडलोट चाललीय. प्रत्यक्षात तो त्या वाळूत बारीक किडे, अळ्या आणि पडलेलं खाणं शोधत असतो. माशांची विष्ठा तो खात नाही, काचेवरचं हिरवं शेवाळही खात नाही. वरचे मासे खाऊन उरलं तर त्याच्या वाट्याला येणार, आणि वरचे मासे हावरे असले तर काहीच येत नाही. मग तो हळूहळू वाळतो, पोट आत जातं आणि दोन-तीन महिन्यांत मरतो. घरचे म्हणतात, "हा मासा टिकतच नाही." उपाशी ठेवला तर कोण टिकेल? नीट ठेवला तर हा पाच वर्षांहून जास्त जगतो.

आम्हाला यातली एक गोष्ट फार खटकते. जो खाली राहतो, शेवटी उरलेलं खातो, तो 'साफसफाईसाठी'च आहे असं ठरवून टाकायचं आणि त्याचं ताट वेगळं वाढायचंच नाही. ही रीत आपल्या घरांतही आपल्याला माहीत आहे. जाऊ द्या, ते बोलणं दुसऱ्या दिवशी.

तर याला खायला काय द्यायचं? दुकानात बुडणाऱ्या गोळ्या किंवा चकत्या मिळतात. तरंगणारं खाद्य याच्या कामाचं नाही. संध्याकाळी दिवा मालवायच्या वेळेला, वरच्या माशांना आधी त्यांचं घालून, मग या गोळ्या तळाला सोडायच्या. सहा कोरींना दोन-तीन छोट्या गोळ्या पुरतात. अर्ध्या-पाऊण तासानं बघायचं, उरलेलं दिसलं तर काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी कमी घालायचं. भात, चपाती, शेव, बिस्किट काही टाकायचं नाही. त्यानं पाणी नासतं. डासांच्या अळ्या हे याचं आवडतं खाणं. रांजणात किंवा कूलरमध्ये सापडल्या तर गाळून द्या, पण माशासाठी म्हणून पाणी साठवून अळ्या वाढवू नका. आशाताई कोरडा दिवस पाळा म्हणून घरोघर सांगत फिरतात, त्यांच्या कष्टावर पाणी नको.

दुसरी गोष्ट, हा एकट्यानं राहणारा मासा नाही. निसर्गात तो थव्यानं फिरतो. एकटा ठेवला तर कोपऱ्यात दगडाआड बसून राहतो. निदान सहा एकत्र, आणि तेही शक्यतो एकाच जातीचे. सहा ठेवले की मग बघण्यात मजा येते. एक उठला की सगळे उठतात, एक बसला की सगळे बसतात, मध्येच एखादा डोळा फिरवून डोळा मारल्यासारखा बघतो. सोबत गप्पी मासे चालतात. आरोग्य खात्याचे गप्पी आपल्याला माहीतच आहेत.

सहा कोरींसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी लागते. त्यात पन्नास लिटरच्या आसपास पाणी बसतं. गोल काचेचा बाऊल कितीही गोजिरा दिसला तरी नको. भरलेली टाकी, वाळू आणि काच धरून, सत्तर किलोच्या घरात जाते, म्हणून ती टीव्हीच्या लाकडी फळीवर ठेवू नका. कडप्प्याचा ओटा किंवा लोखंडी स्टँड चांगला, आणि टाकीखाली थर्माकोलची एक शीट, म्हणजे काचेवर ताण येत नाही. स्पंजाचा साधा फिल्टर आणि हवेचा छोटा पंप लागतो. पंप पाच वॅटचा असला तर दिवसरात्र चालून महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट वीज खातो.

तळाला वाळू घालताना मात्र चूक होऊ नये. या माशाचा जीव त्याच्या मिशांत आहे. रंगीत धारदार खडे घातले की मिशा झिजतात, जखम होते, जंतू लागतात आणि त्याला खाणं शोधता येत नाही. हल्ली बांधकामाला सगळीकडे क्रश सँड आली आहे. ती मशिनमध्ये फोडलेली असते, कडा धारदार असतात, ती अजिबात नको. जुन्या बांधकामावर उरलेली नदीची बारीक, गोल कणांची वाळू सात-आठ किलो मिळाली तरी एका टाकीला पुरते. चाळायची आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. मुठभर वाळूवर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, ती पाणी आणखी जड करील.

पाण्याचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात तीच मोठी गोष्ट. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. पेपर कोरी मध्यम जड पाणी सोसतो, फार जड नाही. अशा ठिकाणी गावातल्या आरओ प्लँटचं जारचं पाणी अर्धं आणि बोअरचं अर्धं मिसळायचं. नुसतं आरओचंही नको, त्यात क्षारच उरत नाहीत. पावसाळ्यात स्वच्छ छपरावरचं, पहिले एक-दोन पाऊस सोडून धरलेलं पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. आपल्या आरोग्यासाठी ती हवीच, पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडं ठेवायचं, किंवा दुकानात क्लोरीन काढायचं औषध मिळतं त्याचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकायचे. ज्या दिवशी पावडर टाकली त्याच दिवशीचं पाणी टाकीत ओतून रात्रीतून सगळे मासे गेल्याचं आम्ही दोन घरांत पाहिलं आहे.

नवी टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असंही करू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. त्याचं कमी घातक क्षारांत रूपांतर करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होत नाही, तसंच हे. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला थोडा स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, विरजण लवकर लागतं. आधी दोन-तीन गप्पी सोडा, पाणी बसू द्या आणि महिना-दीड महिन्यानं कोरी आणा. फिल्टरचा स्पंज कधी नळाखाली साबणानं धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नाहीतर विरजणच धुऊन जातं.

आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे दहा लिटर, एक लहान बादली. टँकरच्या दिवसांत दहा लिटरही डोळ्यात येतात, हे आम्हाला कळतं. पण काढलेलं पाणी वाया जात नाही. त्यात माशांच्या विष्ठेतलं नत्र असतं. परसबागेतल्या वांगी-मिरचीला, कढीपत्त्याला ते घाला. आणि उन्हाळ्यात टाकी आटली म्हणून नुसती वरून भर घालत राहणं पुरत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. थोडं काढून थोडं घालायलाच हवं.

आता उन्हाळा. पेपर कोरी हा थंड बाजूचा मासा. वीस ते चोवीस अंशांत तो खूष असतो. आपल्याकडच्या हिवाळ्यात त्याला हीटर लागत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी टाकीचं पाणी सहज तीसच्या वर जातं. पाणी जितकं तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाला मात्र जास्त लागतो. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे. माळवदाचं घर असेल, जाड मातीच्या भिंती असतील, तर पेपर कोरी जरूर ठेवा. पत्र्याचं घर असेल आणि दुपारी बसवत नसेल, तर हा मासा आणूच नका. गप्पी ठेवा, पोरांना तेही तितकेच आवडतात.

मधल्या घरांसाठी, म्हणजे स्लॅब आहे पण वरून तापतो, काही उपाय आहेत. टाकी सगळ्यात आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवा. वरचं झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्या. रांजणातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं टाकीचंही होतं, दोन-तीन अंश सहज उतरतात. टाकीच्या तिन्ही बाजूंना ओलं पोतं लावलं तर आणखी फरक पडतो. फ्रीज असेल तर अर्ध्या लिटरची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत ठेवा. बर्फाचे खडे थेट टाकू नका, एकदम गार-गरम झालं की मासा आजारी पडतो. वीज गेली आणि पंप बंद पडला तर तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून अर्ध्या फुटावरून परत ओतायचं, दहा-पंधरा वेळा, दर तासाला. सेलवर चालणारा पंपही मिळतो. भारनियमनाच्या गावात तो घेऊन ठेवावा.

'स्टर्बाय' नावाची एक कोरी मिळते. डोक्यावर पांढरे ठिपके आणि बाजूच्या परांना नारिंगी झाक. ती पेपर कोरीपेक्षा उष्णता जास्त सोसते. पण महाग असते आणि आपल्या पौष-माघातल्या थंडीत तिला हीटर लागतो. ज्याचा त्यानं हिशोब करावा.

पोरांसाठी यातला सगळ्यात बघण्यासारखा भाग म्हणजे अंडी. पाऊस येऊन नदीचं पाणी गार झालं की हे मासे अंडी घालतात. आपला मागूरही पावसाच्याच पाण्यात अंडी घालतो, तशातलीच गोष्ट. टाकीत हे घडवायचं तर काही दिवस चांगलं खाऊ घालायचं आणि मृगाच्या सुमारास पाणी बदलताना नेहमीपेक्षा थोडं गार पाणी घालायचं. मादी पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे जुळवते, त्यात दोन-चार अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. परत येते, परत नेते. दुपारभर हे चालतं. त्या ओंजळीकडे बघत राहावं वाटतं. पण नंतर ही आई-बापंच अंडी खाऊन टाकतात, म्हणून अंडी बोटानं अलगद सोडवून त्याच टाकीतल्या पाण्यात वेगळ्या डब्यात ठेवायची आणि तिथे हवेची नळी सोडायची. चार-सहा दिवसांत पिल्लं निघतात, पापणीच्या केसाएवढी.

इथे कुणीतरी विचारणारच, "मग ताई, गटानं हा धंदा करायचा का?" प्रश्न रास्त आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटला ३ लाख रुपये खर्च धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. म्हणजे १ लाख ८० हजार अनुदान आणि १ लाख २० हजार आपले. आज योजनेचे नियम आणि मुदत काय आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन, लेखी विचारून घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून धंदा, असं नको. शोभेचे मासे आपल्याकडच्या दुकानांत बरेचसे कोलकाता, चेन्नई, मुंबईकडून येतात. तिथं पाणी मुबलक, हवा दमट, कारागीर जुने. त्यांच्या भावाशी आपण मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर टक्कर देणार का? आमचं म्हणणं असं, की जिला यात खरंच रस आहे तिनं एक टाकी एक पूर्ण वर्ष, उन्हाळ्यासकट, सांभाळून दाखवावी. अंडी, पिल्लं, मेलेले मासे, खाद्य, वीज, सगळं वहीत लिहावं. सोलापूर, लातूर, बार्शीच्या दुकानदारांना पिल्लं कितीला घ्याल ते आधी विचारावं. मग गटापुढे कर्जाचा अर्ज ठेवावा. शेळीसाठी कर्ज देताना आपण चारा-पाणी विचारतोच ना?

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोरीच्या शेजारच्याच टाकीत दुकानदाराकडे आणखी एक ठिपक्यांचा चिलखती मासा असतो. त्याला 'सकर' म्हणतात, काही जण 'हेलिकॉप्टर मासा'ही म्हणतात. लहानपणी तोही दोन-तीन इंचाचाच दिसतो आणि तोही 'काच साफ करतो' म्हणून स्वस्तात गळ्यात मारतात. दोघांतला फरक नीट लक्षात ठेवा. सकरचं तोंड पोटाखाली, बशीसारखं असतं आणि तो काचेला चिकटून बसतो. कोरी काचेला कधीच चिकटत नाही, तळाला बसतो आणि त्याच्या तोंडापुढे आखूड मिशा लोंबतात. सकरचं अंग खडबडीत, शेपटाकडे निमुळतं होत जातं. कोरी टपोरा आणि आखूड. आणि खरा फरक पुढे दिसतो. कोरी अडीच इंचांवर थांबतो. सकर फूट-दीड फूट होतो. तो दोन फुटांच्या टाकीत मावणार कसा?

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंकडे असाच एक सकर वर्षभरात वीतभर झाला. रात्री टाकीत उलथापालथ करायचा, रोपं उपटायचा. घरातली माणसं म्हणाली, "जीव आहे, मारायचा कशाला? तळ्यात सोडून येऊ, पुण्य लागेल." बादलीत भरून गाडीवर ठेवलाही होता. ताईंनी आधी फोन केला, हे बरं झालं.

कारण हा मासा तळ्यात मरत नाही, तिथं राज्य करतो. अंग हाडाच्या कवचाचं आणि काटेरी, त्यामुळे मोठे मासेही त्याला गिळायला कचरतात. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो हवा गिळून जगतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो आणि काठ ढासळवतो. जाळ्यात आला की काट्यांनी जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. कोलकात्याजवळच्या पाणथळ जागांत तो पसरला आहे, आंध्र आणि तेलंगणात मच्छीमार त्याच्यामुळे वैतागले आहेत, २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही सापडला. हे सगळं लांबचं वाटेल, पण शेजारच्या उजनीच्या जाळ्यांतही तो मिळाल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. या सगळ्या पाण्यांत तो दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेला नाही. कुणाच्या तरी टाकीतून, कुणाच्या तरी बादलीतूनच आला.

आणि आपला जिल्हा कसा बसलाय ते बघा. आपण बालाघाटच्या पाणलोटावर आहोत. परंड्याकडची सीना आणि नळदुर्गची बोरी भीमेला मिळतात, भीमा पुढे कृष्णेला. तेरणा मात्र मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. एका तालुक्यात बादली ओतली तर मासा कृष्णेच्या वाटेला लागणार, दुसऱ्या तालुक्यात ओतली तर गोदावरीच्या. सीना-कोळेगाव, माकणीचं निम्न तेरणा, आणि गावोगावचे साठवण तलाव यांवर मच्छीमार सोसायट्या ठेका घेऊन रोहू-कटल्याचं बीज सोडतात. त्यातल्या कितीतरी बायका पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजाराला जातात, आणि त्यातल्या काही आपल्याच गटांत आहेत. जाळं फाटलं तर नुकसान त्यांच्या घरात.

शेततळं, विहीर, खाण हेही सुरक्षित नाही. तळं भरून वाहिलं की पाणी ओढ्याला, ओढा नदीला. कोरी लहान आहे, गरीब आहे, म्हणून त्याला सोडलं तर चालेल, असंही नाही. तोही परदेशी मासा आहे आणि त्याच्या अंगावरचे रोग आपल्या माशांना लागू शकतात. गप्पीचंही तेच, घरातले गप्पी आपल्या मनानं ओढ्यात सोडू नका. टाकीचं पाणी आणि त्यातली रोपंसुद्धा गटारात किंवा ओढ्यात टाकू नका. पाणी कुंडीला आणि रोपं उन्हात वाळवून खतात.

मग नकोसा झालेला मासा करायचा काय? पहिलं, ज्या दुकानातून आणला तिथं परत न्या. खरेदी करतानाच विचारून ठेवा, "मोठा झाला तर परत घ्याल का?" नाही म्हणाला तर त्याच्याकडचा सकर घेऊ नका. दुसरं, मोठी टाकी असलेलं कुणी, शाळा, कॉलेजची प्रयोगशाळा, यांना विचारा. तिसरं, काहीच जमलं नाही तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात फोन करा. त्या ताईंचा सकर शेवटी एका मोठ्या दुकानदारानं ठेवून घेतला. पैसे काही दिले नाहीत, पण घेतला. धरणावर जाळ्यात असा मासा कुणाला सापडला तर तो परत पाण्यात फेकू नका, फोटो काढून ठेवा, सोसायटीच्या चेअरमनला दाखवा आणि कार्यालयाला कळवा.

ज्यांच्या घरी आधीच टाकी आहे त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. टाकीसमोर पाच मिनिटं बसा. तळाचा मासा काचेला चिकटतो की वाळूत फिरतो ते बघा. मिशा शाबूत आहेत का, पोट भरलेलं आहे का ते बघा. आणि पुढच्या बैठकीला येताना सांगा, तो कोणता निघाला.